सायकलचं तिकीट कुठल्या खिडकीवर मिळतं, साहेब?

प्रति,
लोकलगाड्यांचा कारभार पाहणारे रेल्वेचे अधिकारी यांस,

विषय : लोकलमधून सायकल न्यावी की नेऊ नये, हे एकदा लिहून मिळण्याबाबत.

सादर नमस्कार.

मी करंज्याला राहते आणि बेलापूरला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायचं काम करते. घरापासून उरण स्टेशन पाच-सहा किलोमीटर, बेलापूर स्टेशनपासून लॅब तीन. मधली गाडी तुमची. गाडीबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. 2018 च्या नोव्हेंबरात लोकल खारकोपरपर्यंत आली आणि तिथंच थांबली. पुढची पाच वर्षं आम्ही उरणकर तिच्या नावानं बोटं मोडत एसटीच्या दांडीला लटकत होतो. आता ती दारात आली आहे, बसायला जागाही मिळते. तक्रार आहे ती दोन्ही टोकांना उरणाऱ्या आठ-नऊ किलोमीटरांची. ते अंतर सायकलनं आरामात सुटतं. पण सायकल तुमच्या फाटकातून आत नेता येते की नाही, हे मला आजवर कोणी ठामपणे सांगू शकलेलं नाही.

गेल्या श्रावणातला एक गुरुवार. लॅबमधल्या एका बाईंचा मुलगा शिकायला बाहेरगावी गेला. त्याची सायकल जिन्याखाली पडून होती, ती त्यांनी मला दिली. जुनी पण दणकट. मडगार्डला जरा गंज, घंटी मात्र नवी. सकाळची ड्युटी संपवून दुपारी अडीचच्या सुमारास मी ती ढकलत स्टेशनवर आणली. स्टेशनचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती आणि त्यांच्यावर काही शेकावं अशी माझी इच्छा नाही.

तिकीटखिडकीवर म्हटलं, सायकलचं तिकीट द्या. आतल्या बाईंनी आधी माझ्याकडे, मग सायकलकडे, मग कॉम्प्युटरकडे पाहिलं. ‘‘सायकलचं इथं होत नाही. पार्सलला विचारा.’’ पार्सल कुठं? ‘‘ते या स्टेशनला नाही.’’ मास्तरांकडे गेले. ते म्हणाले, ‘‘शक्यतो नेऊ नका.’’ शक्यतो म्हणजे हो की नाही, असं विचारल्यावर ते नुसते हसले. फलाटावरचा पोलीस म्हणाला, ‘‘लगेजमध्ये टाका हो, दुपारचं कोण बघतंय.’’

टाकली. लगेजच्या डब्यात रिकाम्या टोपल्या घेऊन घरी निघालेल्या चार कोळणी, एक भाजीवाला आणि खाली मासळीच्या पाण्यानं ओली झालेली जमीन. मी दारातच सायकल धरून अवघडून उभी राहिले, तशी आतली एक म्हातारी ओरडली, ‘‘बाय, आन ती सायकल इकरं!’’ तिनं दोन टोपल्या एकात एक घातल्या, मागचं चाक भिंतीला लावून घेतलं आणि पुढच्या चाकावर स्वतःचा पाय ठेवून दिला. सायकल जागची हलली नाही. सगळ्या प्रवासात त्या सायकलची कोणाला अडचण झाली असेल तर ती पुढं चढलेल्या टीसींना.

‘‘हे काय?’’
‘‘सायकल.’’
‘‘ते दिसतंय. तिकीट?’’
‘‘पास आहे.’’
‘‘तो तुमचा. हिचं?’’

तिघांना विचारून चढले होते, तिघांनी तीन उत्तरं दिली होती. चौथं उत्तर टीसींनी पावतीवर लिहून दिलं : विनाबुकिंग सामान. ती पावती मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे. म्हणजे सायकल हे सामान आहे आणि ते बुक करायला हवं होतं. कुठं, ते पावतीवर नाही.

आता माझं म्हणणं क्रमानं मांडते, फाईलला लावायला बरं पडेल.

पहिलं गाऱ्हाणं हेच. लांब पल्ल्याच्या गाडीला ब्रेकव्हॅन असते. पार्सल ऑफिसात सायकल बुक केली, पैसे भरले, चिठ्ठी बांधली की ती ब्रेकव्हॅनमधून जाते. लोकलला ब्रेकव्हॅन नाही आणि आमच्या छोट्या स्टेशनांवर पार्सल ऑफिस नाही. एक्स्प्रेसचा नियम लोकलला लावला की त्यातून एवढंच उरतं : पैसे भरल्याशिवाय नेता येणार नाही, आणि पैसे भरायला जागा नाही. सरळ ‘बंदी’ असा फलक असता तर मी दुसरं पत्र लिहिलं असतं. पण आज बंदीही नाही आणि परवानगीही नाही. त्या दिवशी कोण ड्युटीवर आहे आणि त्याचा चहा झाला आहे की नाही, यावर सगळं ठरतं.

दुसरं रस्त्याचं. ‘एवढी हौस आहे तर सायकलनंच जा की बेलापूरपर्यंत’ असं मला दोघांनी तोंडावर सुनावलं आहे. दोघंही उरण-पनवेल रस्त्यानं अलीकडे गेलेले नसावेत. 1989 मध्ये न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं तेव्हापासून या तालुक्याचे रस्ते कंटेनरचे आहेत, आम्ही त्यांच्या कडेकडेनं राहतो. जासईपासून गव्हाणफाट्यापर्यंत चाळीस फुटी ट्रेलर अंगावरून जातो तेव्हा त्याच्या वाऱ्यानंच सायकल आत ओढली जाते. कडेला सरकावं तर तिथं दुसरा ट्रेलर दिवे मालवून उभा. त्या रस्त्यानं रात्री नऊनंतर सायकलवर बाई काय, गडीमाणूसही जाऊ नये.

12 जानेवारी 2024 ला आमच्या तालुक्यात एकाच दिवशी दोन उद्घाटनं झाली. एक उरणपर्यंतच्या लोकलचं, दुसरं अटल सेतूचं. शिवडीपासून चिर्ल्यापर्यंत 21.8 किलोमीटर, त्यातला बराचसा समुद्रावर. त्या सेतूवर सायकलला मज्जाव आहे, मोटारसायकललाही आहे. मोटारींचा वेग आणि खाडीवरचा वारा पाहता मी त्यावर भांडणार नाही. पण मग मुंबईच्या बाजूला सायकल न्यायची तर जमिनीवरून ट्रेलर, समुद्रावरून मनाई, आणि उरली रेल्वे. तिथं ‘शक्यतो नेऊ नका’.

नाही म्हणायला आमची लाँच आहे. करंज्याहून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये मोटारसायकली चढतात हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. लाकडी फळी टाकायची, दोघांनी गाडी उचलून आत घ्यायची, कठड्याला सुंभानं बांधायची, झालं. माझी सायकल तर खलाशी एका हातानं उचलतो. वर ‘मॅडम, चेनला तेल घाला’ असा सल्लाही देतो. लाटेवर डुलणाऱ्या होडीत जे जमतं ते रुळावरून सरळ चालणाऱ्या गाडीत का जमू नये, हे लाँच चालवणाऱ्या तांडेलाला समजावून सांगायची माझ्यात हिंमत नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला 2020 पासून रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी बोट आहे. दर शनिवारी मुंबईचे हेल्मेटवाले त्यात आपल्या महागड्या सायकली घेऊन अलिबागला येतात. त्यांचा मला हेवा नाही. मात्र सायकल म्हटलं की साहेबलोकांच्या डोळ्यांसमोर तेच येतात, आणि ‘ही श्रीमंतांची हौस’ म्हणून अर्ज बाजूला पडतो. माझ्या अर्जातली सायकल कंटेनर यार्डातल्या वॉचमनची आहे, द्रोणागिरी नोडमध्ये चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या बाईची आहे, कॉलेजला जाणाऱ्या पोरांची आहे.

आणि रेल्वेला चाकावरची वस्तू चाकावर घालून न्यायचं वावडं आहे म्हणावं, तर तेही नाही. इथून खाली कोलाडला जाऊन बघा. कोकण रेल्वेवर 1999 पासून भरलेले ट्रक मालगाडीवर चढवून दक्षिणेला नेतात. चालक-क्लीनर आपल्या केबिनमध्ये आडवे, ट्रक सपाट वाघिणीवर, आणि घाट, खड्डे, डिझेल सगळंच चुकलं. अख्ख्या कोकणाला त्या सेवेचं कौतुक आहे. 2025 च्या गणपतीत तर कोलाडहून गोव्याच्या दिशेनं मोटारीही रेल्वेवर बसून गेल्या. ट्रक जातो, मोटार जाते. वीस किलोच्या आतबाहेरची माझी सायकल तेवढी अजून कुठल्या कोष्टकात बसलेली नाही.

तिसरं गाऱ्हाणं जरा घरगुती आहे. ‘दोन सायकली ठेवा, एक इकडे एक तिकडे’ हा सल्ला मला अनेकांनी दिला. डबेवाले तेच करतात. डबे लगेजच्या डब्यातून जातात आणि सायकली आपापल्या टोकाला थांबतात. पण डबेवाल्यांच्या मागं माणसांची साखळी आहे, मी एकटी. तरी करून पाहिलं. नवी मुंबईतल्या एका स्टेशनाबाहेर जुनी लेडीज सायकल दीड वर्ष ठेवली. पहिल्या महिन्यात घंटी गेली. दिवाळीत सीट. सीट नेणाऱ्यानं खालचा दांडा ठेवला, त्यावर मी प्लास्टिकची पिशवी बांधून आठवडाभर उभ्यानंच पेडल मारलं. नंतर पावसाळा आला. आमच्याकडचा खारा वारा आणि पाऊस एकत्र झाले की लोखंडाचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. चार दिवस सुट्टी घेतली आणि परत येऊन पाहते तो चेन अख्खी तांबूस होऊन एकेक कडी जागच्या जागी ताठलेली. सायकल लावायला जागा होती का? जागा होती पे-अँड-पार्कची, स्कूटरसाठी. तिथला मुलगा म्हणाला, ‘‘सायकलची पावतीच नाही आमच्याकडे. लावा, पण जबाबदारी तुमची.’’ तिकीट नाही, पावती नाही. सायकल ही वस्तू सरकारी कागदावर उमटतच नसावी बहुधा.

चौथं रात्रीचं. माझी दुसरी पाळी नऊला सुटते. उरणला उतरेपर्यंत दहा वाजतात. त्या वेळी करंज्याकडे जाणारी शेअर रिक्षा भरली तर सुटते, नाही भरली तर सुटत नाही, आणि एकटीनं जायचं तर म्हणतील तेवढे पैसे. दोन्ही टोकांचं मिळून दिवसाला शंभराच्या घरात जातात, म्हणजे पास स्वस्त आणि पासापर्यंत पोचणं महाग. पैशांचं सोडा, पण अंधारात अर्धा तास रिक्षा भरायची वाट पाहत उभं राहणं मला नको आहे. सायकल हाताशी असली की मी कोणाच्या भरण्या-न भरण्यावर अवलंबून नसते.

आता तुमची बाजू. मी लोकलनं जाणारी आहे, मला गर्दी शिकवू नका. सकाळी साडेआठला पनवेलहून सीएसएमटीला जाणाऱ्या गाडीत सायकल न्यायची परवानगी द्या, असं म्हणणाऱ्याला मीच आधी खाली उतरवीन. ज्या डब्यात माणसाला दोन पाय टेकायला जागा नाही तिथं पेडल कोणाच्या नडगीत घुसवायचं? पण उरणची गाडी तशी नाही. ती नेरूळ किंवा बेलापूरला संपते, पुढं मुंबईत शिरत नाही. दुपारी अकरा ते चार आणि रात्री नऊनंतर तिच्या लगेजच्या डब्यात कबड्डी खेळता येईल. प्रयोग करायचा तर याहून सोयीचा मार्ग तुम्हाला सापडणार नाही : सव्वीस-सत्तावीस किलोमीटर, मोजकी स्टेशनं, दोनच शेवटची ठिकाणं.

आणि हा प्रयोग काही जगात पहिला नसेल. मुंबईतच मेट्रो 2अ आणि 7 या मार्गांवर 2022 पासून सायकल नेता येते. नागपूरची मेट्रो नेऊ देते, कोचीची 2020 पासून नेऊ देते. मेट्रोला वातानुकूलित डबे आहेत, चकाचक फरशी आहे, तिथं सायकलच्या चाकाचा चिखल चालतो. आमच्या लगेजच्या डब्याला तर मासळीच्या पाण्याची सवय आहे.

परदेशातलं उदाहरण दिलं की ‘तिकडचं तिकडे’ असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे, तरी दोन सांगते, कारण दोन्ही गर्दीवर काढलेल्या तोडग्याची आहेत. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या लोकलनं 2010 पासून सायकलचं वेगळं तिकीटच काढून टाकलं, सायकल फुकट. पण नॉरेपोर्ट नावाचं त्यांचं सगळ्यात गजबजलेलं स्टेशन आहे, तिथं गर्दीच्या वेळी सायकल चढवता-उतरवता येत नाही. म्हणजे त्यांनीही सरसकट हो म्हटलं नाही. कुठं नाही आणि कधी नाही, एवढंच लिहून ठेवलं.

दुसरं माझ्या भाच्याकडून कळलं. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला नोकरीला आहे आणि कॅलट्रेन नावाच्या गाडीनं जातो-येतो. तिथं 1992 पासून गाडीत सायकल चालते. सायकलींचा वेगळा डबा आहे. त्यात एका रॅकला चार सायकली, एकीला एक टेकवून, लवचिक दोरानं बांधलेल्या. मला प्रश्न पडला की भिंतीकडच्या सायकलवाल्याला आधी उतरायचं असेल तर? भाचा म्हणाला, ‘‘मावशी, प्रत्येकाच्या सायकलला उतरायच्या स्टेशनची चिठ्ठी असते. माझ्या आधी उतरणार असेल त्याच्यापुढं मी माझी लावतच नाही.’’ बस्स, एवढंच! एक पुठ्ठा, त्यावर स्टेशनचं नाव, भोक पाडून दोरा. आमच्या कोळणी टोपल्या रचताना हेच करतात. आधी उतरणारीची टोपली दाराशी. त्यांना चिठ्ठीही लागत नाही.

आता मागण्या. त्या मुद्दाम लहान ठेवल्या आहेत, म्हणजे ‘धोरणात्मक बाब आहे, वर पाठवतो’ असं उत्तर देता येणार नाही.

उरण ते नेरूळ-बेलापूर या मार्गावर गर्दीच्या वेळा सोडून लगेजच्या डब्यात सायकल नेण्यास सहा महिन्यांसाठी लेखी परवानगी द्या. वेळा तुम्ही ठरवा, मी घासाघीस करणार नाही. एका डब्यात चारपेक्षा जास्त सायकली नकोत म्हणा, तेही मान्य. मासळीवाल्यांचा, भाजीवाल्यांचा हक्क पहिला. डबा त्यांचा आहे, आम्ही पाहुणे. त्यांच्या टोपल्यांना जागा नसेल तर सायकलवाल्यानं पुढच्या गाडीची वाट पाहावी, हेही त्याच कागदावर लिहा.

पैसे घ्यायचे असतील तर घ्या, पण ज्या खिडकीवर माझा पास निघतो त्याच खिडकीवर. सायकलचा महिन्याचा पास काढता आला तर उत्तमच. मला फुकट नको, मला पावती हवी. दंडाची नव्हे, तिकिटाची.

डब्याच्या भिंतीला, खिडकीखाली, दोन कड्या आणि एक पट्टा लावा. म्हातारीचा पाय दर वेळी मिळणार नाही.

जिथं जिना चढल्याशिवाय फलाट गाठता येत नाही तिथं पायऱ्यांच्या कडेनं लोखंडी पन्हळ बसवा, वीतभर रुंद. सायकलचं चाक त्यात घालून माणूस बाजूनं पायऱ्या चढत जातो. वेल्डिंगवाल्याचं दोन दिवसांचं काम आहे. आज मी पन्नास पायऱ्या सायकल खांद्यावर घेऊन चढते आणि वर पोचल्यावर युनिफॉर्मच्या खांद्यावर ग्रीसचा काळा पट्टा उमटलेला असतो. तो कुठल्याही साबणानं जात नाही, सगळे वापरून झाले.

ज्यांना सायकल न्यायची नाही, नुसती ठेवायची आहे, त्यांच्यासाठी स्टेशनाबाहेर छप्पर असलेली, साखळी बांधता येईल अशी जागा करा आणि पे-अँड-पार्कवाल्याला सायकलची पावती छापायला लावा. छप्पर विसरू नका. पाऊस इथं चार महिने असतो आणि वारा बाराही महिने खारा.

शेवटचं. सहा महिने सायकली मोजा. कोणत्या गाडीत किती, कोणाला अडचण झाली, तक्रारी किती आल्या, आणि तो हिशोब स्टेशनावर लावा. लोकांना त्रास झाला असं दिसलं तर परवानगी काढून घ्या, मी दुसऱ्यांदा अर्ज करणार नाही. पण मोजल्याशिवाय ‘अशक्य आहे’ म्हणू नका. हा शब्द उरणच्या लोकलबद्दलही वर्षानुवर्षं ऐकला होता.

हेच पत्र साध्या पोस्टानंही पाठवते आहे, सोबत त्या पावतीची झेरॉक्स. मूळ पावती माझ्याकडेच राहील.

येत्या सोमवारपासून माझी दुसरी पाळी आहे. दुपारी साडेबारा ते रात्री दहा सायकल उरण स्टेशनाबाहेर कुंपणाच्या पाइपला बांधलेली असेल. निळी आहे, सीटवर दुधाची पिशवी बांधलेली. पाहणीला कोणी येणार असेल तर ओळखायला अडचण पडू नये म्हणून लिहिलं.

आपली,
करंज्याची एक पासधारक